चाकोरीबाहेरच्या आयुष्याचा जमाखर्च

माणसाच्या जगण्यातील चार गोष्टी बहुधा त्याने न ठरवताच ठरलेल्या असतात : पैसा कशातून मिळवायचा, दिवस कुणाच्या वेळापत्रकाप्रमाणे घालवायचा, राहायचे कुठे आणि कुणाच्या सोबतीने. यांतील एखादी तरी गोष्ट जो विचारपूर्वक बदलतो, त्याचे आयुष्य चाकोरीबाहेरचे ठरते. राजीनाम्याचा गाजावाजा किंवा विक्षिप्त पोशाख यांचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. बदल किती मोठा आहे यापेक्षा तो किती वर्षे पेलता येईल, हे महत्त्वाचे असते आणि पेलण्याची ताकद धाडसातून कमी, व्यवस्थेतून जास्त येते.

हे तपासून पाहण्यासाठी चेन्नईइतके चांगले शहर क्वचित सापडेल. सकाळची फिल्टर कॉफी, मुलासाठी इंजिनिअरिंग नाहीतर सीए, पत्रिका जुळवून लग्न आणि मार्गळी महिन्यात संगीत सभेतली ठरलेली खुर्ची, अशी या शहराची ख्याती आहे. ती खोटीही नाही. पण याच शहरात १८८२ साली थिऑसॉफिकल सोसायटीने अड्यार नदीकाठी आपले मुख्यालय आणले, येथेच चित्रकारांनी स्वतःचे गाव वसवले आणि येथेच एका कारकुनाने कचेरीतल्या नोकरीच्या आधाराने जगाला थक्क करणारे गणित केले. शिस्तीच्या शहरात ज्यांनी वाट बदलली त्यांनी ती बेशिस्तीने बदलली नाही. म्हणूनच त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिला प्रश्न पोटाचा. तो सोडवण्याचा सर्वांत विचारपूर्वक केलेला प्रयोग म्हणजे चोळमंडल कलाग्राम. मद्रासच्या सरकारी कला विद्यालयाची सुरुवात १८५० मधली. १९५७ मध्ये त्याचे प्रमुखपद चित्रकार के. सी. एस. पणिक्कर यांच्याकडे आले. पणिक्करांनी स्वतः कुटुंबाच्या गरजेपायी शिक्षण अर्धवट सोडले होते, तारखात्यात आणि पुढे विम्याच्या कामात दिवस काढले होते आणि पंचविशीत, १९३६ साली, ते याच विद्यालयात विद्यार्थी म्हणून दाखल झाले होते. चित्रकाराला महिन्याचा किराणा भरावा लागतो, हे त्यांना कुणी सांगण्याची गरज नव्हती. त्यांच्या हाताखालची उत्तम मुले शिक्षण संपताच जाहिरात संस्थेत, कापडगिरणीत नाहीतर शाळेत चित्रकला शिक्षकाच्या जागेवर जात आणि चार-पाच वर्षांत त्यांचे स्वतःचे काम थांबे. त्या काळी मद्रासमध्ये आधुनिक चित्रे विकत घेणारे गिऱ्हाईक जवळजवळ नव्हतेच.

पणिक्करांचा तोडगा असा होता, की चित्र विकले जाईल या आशेवर संसार उभा करू नये. संसार चालवण्यासाठी हाताचे दुसरे कसब विकावे आणि चित्राला गिऱ्हाइकाच्या मर्जीपासून मोकळे ठेवावे. त्यासाठी कलाकारांची हस्तकला संघटना स्थापन झाली. बाटिकचे कापड, चामड्याच्या आणि धातूच्या वस्तू, मातीकाम अशा वस्तू ही मंडळी करू लागली. त्यांच्या विक्रीतून साठलेल्या पैशांतून शहराच्या दक्षिणेला, महाबलीपुरमच्या रस्त्यावर इंजंबाक्कम येथे आठ-दहा एकर वाळूची जमीन घेतली गेली. १९६६ मध्ये तेथे तीस-चाळीस चित्रकार-शिल्पकारांची वस्ती सुरू झाली. आज ईस्ट कोस्ट रोडवर जमिनीचे भाव काय आहेत हे ठाऊक असणाऱ्याला ही खरेदी दूरदृष्टीची वाटेल, पण तेव्हा तेथे सुरूची झाडे, वाळू आणि समुद्राचा वारा याखेरीज काही नव्हते. सुरुवातीला झोपड्यांत राहून काम झाले.

या गावाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. घर आणि काम करण्याची जागा प्रत्येकाची स्वतःची. कार्यशाळा, प्रदर्शनाचे दालन आणि विक्रीची व्यवस्था मात्र सामाईक. विक्रीतला ठरलेला हिस्सा सामाईक खर्चासाठी संघटनेकडे जाई. दिवसाचा काही भाग हस्तकलेसाठी आणि उरलेला स्वतःच्या चित्र-शिल्पासाठी, अशी विभागणी होती. सगळे काही सामाईक करणारी वसाहत आणि ज्याचे त्याने पाहावे अशी सोसायटी यांच्या मधली ही वाट आहे, आणि सामूहिक जगण्याचे अनेक प्रयोग पाच-सात वर्षांत भांडणात संपत असताना हे गाव टिकले, यामागे या विभागणीचा मोठा वाटा असावा. जे. सुलतान अली, एस. जी. वासुदेव, एस. नंदगोपाल, पी. गोपीनाथ, एम. सेनाधिपती अशी नावे या गावाशी जोडलेली आहेत. मद्रास चळवळ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या येथील आधुनिक कलाप्रवाहातील कलाकृतींचे संग्रहालय २००९ मध्ये तेथेच उभे राहिले आणि ते पाहायला कुणालाही जाता येते. वेगळे जगू पाहणाऱ्याने तेथील चित्रांबरोबर घरांची मांडणीही निरखावी.

यातून निघणारा नियम सरळ आहे. ज्या कामावर जीव आहे त्याच कामातून पहिल्या दिवसापासून भाकरी मिळावी, असा हट्ट धरू नये. जोडीला असे एक कसब हवे, ज्याला बाजारात आजच मागणी आहे, जे दिवसाचे काही तासच खाते आणि जे मुख्य कामाची भूक मारत नाही. ही तिसरी अट सर्वांत जास्त वेळा विसरली जाते. कादंबरी लिहिणाऱ्याने दिवसभर जाहिरातीचा मजकूर लिहिला, तर रात्री शब्द उरत नाहीत. त्याने हिशेब तपासले किंवा शिकवण्या घेतल्या, तर उरतात. चित्रकारांना बाटिक चालले, कारण त्यात हात आणि रंग तेच असले तरी कल्पनेवरचा ताण वेगळा होता.

दुसरी पद्धत साध्या नोकरीची. श्रीनिवास रामानुजन यांनी १ मार्च १९१२ रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात कारकुनी पत्करली. पगार महिना ३० रुपये. त्याआधीची काही वर्षे कॉलेजातील अपयश, शिकवण्या आणि ओळखीपाळखीच्या लोकांकडे खेपा यांत गेली होती. नेल्लोरचे जिल्हाधिकारी आर. रामचंद्र राव यांनी काही महिने खिशातून मदत केली. पण दुसऱ्याच्या उपकारावर राहणे रामानुजन यांना रुचले नाही. कचेरीतले काम ते लवकर हातावेगळे करीत आणि उरलेल्या वेळात गणित मांडीत. मुख्य हिशेबनीस एस. नारायण अय्यर स्वतः गणिताचे जाणकार होते आणि ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनाही या कारकुनाची योग्यता कळली होती. जानेवारी १९१३ मध्ये केंब्रिजचे गणिती हार्डी यांना गेलेले पत्र एका कारकुनाने लिहिले होते. त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने त्यांना महिना ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली आणि मगच कचेरी सुटली.

रामानुजन यांच्यासारखी प्रतिभा कुणाच्या वाट्याला येईल न येईल, परंतु त्यांच्या नोकरीची निवड कुणालाही करता येण्यासारखी आहे. वेगळे काम करू पाहणाऱ्याने नोकरी निवडताना पगाराआधी तीन बाबी पाहाव्यात : काम कचेरीतच संपते की डोक्यात घरी येते, प्रवासात किती वेळ जातो आणि वरिष्ठ कोण आहे. सोळिंगनल्लूरच्या आयटी पार्कमधली दुप्पट पगाराची नोकरी ओल्ड महाबलीपुरम रोडवरच्या वाहतुकीसकट मोजली, तर कित्येकदा तोट्याची ठरते. बढतीसाठी धडपड करायला लावणारी नोकरी आणि जीव ओतून करायचे दुसरे काम एका दिवसात मावत नाहीत. कारकुनीला कमी लेखण्याची रीत मध्यमवर्गात आहे. ती या बाबतीत महागात पडते.

नोकरी सोडायचीच झाली, तर राजीनाम्याआधीच्या कागदपत्रांकडे कविमनाच्या माणसांनी अधिक लक्ष द्यायला हवे. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीचा हक्क साधारणपणे ५ वर्षांच्या सलग सेवेनंतर मिळतो. चार वर्षे झालेल्या माणसाने थोडा धीर धरला, तर हातात बरी रक्कम येते. भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, आणि नव्या वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ असतो, तो ३ वर्षांपर्यंत असू शकतो. म्हणून वैयक्तिक पॉलिसी नोकरीत असतानाच घ्यावी आणि प्रतीक्षा काळ पगार चालू असताना संपवावा. पीपीएफ खात्याची मुदत १५ वर्षांची असल्याने ते जितके लवकर उघडले जाईल तितके बरे. अडचणीच्या वर्षी ५०० रुपये भरूनही ते चालू ठेवता येते.

किती शिल्लक असावी, याचे एकच उत्तर नाही. आधी सलग काही महिने घरखर्च लिहून काढावा, त्यात वर्षातून एकदाच येणारे खर्च (विम्याचा हप्ता, मुलांची फी, गावी जाणे, लग्नकार्ये) बारांनी भागून मिळवावेत आणि मग किमान दीड-दोन वर्षे काहीच उत्पन्न आले नाही तरी घर चालेल, अशी रक्कम बाजूला ठेवावी. यातली वार्षिक खर्चांची बाब सुटली, की सारा अंदाज कोसळतो. खर्च कमी करण्याची तालीमही आधीच घ्यावी. पगार चालू असतानाच पुढे मिळणार असलेल्या रकमेत सहा महिने राहून पाहावे. घरातील सर्वांना ते जमले, तर बेत व्यवहार्य आहे असे समजावे.

चेन्नईपुरत्या काही बाबी वेगळ्या आहेत. घरभाड्याच्या अनामत रकमेसाठी येथील घरमालक पूर्वापार भरमसाट महिन्यांचे भाडे मागत आले आहेत. तमिळनाडूच्या २०१७च्या भाडेकरू कायद्याने वेगळा करार नसेल, तर ३ महिन्यांच्या भाड्याची मर्यादा घातली आहे; करार नोंदवताना ही तरतूद माहीत असलेली बरी. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. डिसेंबर २०१५ आणि डिसेंबर २०२३ या दोन्ही वेळी शहराच्या मोठ्या भागात पाणी शिरले होते, तेव्हा ज्याचे काम कागद, कॅनव्हास, वाद्ये किंवा यंत्रे यांच्यावर आहे त्याने तळमजला स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. एप्रिल-मेच्या उकाड्यात दुपारी काम होत नाही, हे गृहीत धरून दिवस पहाटे सुरू करावा. शिकण्यासाठी खर्च करण्याआधी एग्मोरचे कन्नेमारा ग्रंथालय आणि कोट्टूरपुरमचे अण्णा शताब्दी ग्रंथालय पाहावे. पहिले १८९६ चे असून देशात प्रकाशित होणारी पुस्तके कायद्याने तेथे जमा होतात. दुसरे २०१० पासून सुरू आहे आणि तेथे दिवसभर शांतपणे बसता येते.

मराठी माणसाने येथे येऊन वेगळे काही करायचे म्हटले, तर भाषेला पर्याय नाही. बेंगळुरूच्या एका मराठी पोलीस शिपायाचा मुलगा शिवाजीराव गायकवाड तेथील बस सेवेत कंडक्टर होता. १९७३ मध्ये तो मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अभिनय शिकायला आला; पैशाचा आधार त्याच्याच बसवरच्या ड्रायव्हर मित्राचा होता. दिग्दर्शक के. बालचंदर यांनी त्याला पाहिले, तमिळ शिकायला सांगितले आणि १९७५ मध्ये ‘अपूर्व रागंगळ’ या चित्रपटात छोटी भूमिका दिली. रजनीकांत हे नावही तेव्हाचेच. या कथेतील नशिबाचा भाग कुणाला उचलता येणार नाही. मित्राची मदत स्वीकारण्याचा मोकळेपणा, रीतसर शिक्षणासाठी दिलेला काळ आणि परकी भाषा आत्मसात करण्याची तयारी हे भाग उचलता येतात. आयटी कंपनीत इंग्रजीवर वर्षानुवर्षे निभते, पण कोळ्याशी, विणकराशी, नाटकमंडळीशी किंवा शाळेतल्या मुलांशी काम असेल, तर तमिळ यायलाच हवे. ते बोलण्यापुरते आले तरी वागणूक बदलते, हा चेन्नईत राहिलेल्या बहुतेक परप्रांतीयांचा अनुभव आहे.

शिक्षणाच्या काळाविषयी आणखी सांगायला हवे, कारण चाकोरी सोडणाऱ्यांचा उतावीळपणा येथेच नडतो. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचे १९२० साली, सोळाव्या वर्षी, वयाने बरेच मोठे असलेल्या इंग्रज थिऑसॉफिस्टाशी लग्न झाले, तेव्हा मद्रासच्या ब्राह्मण समाजात खळबळ माजली होती. पण त्यांचे टिकाऊ बंड नंतरचे आहे आणि ते रियाजातून आले. देवदासींचे मानले जाणारे सदिर नृत्य (आजचे भरतनाट्यम) त्यांनी तिशीच्या आसपास शिकायला घेतले. आधी मैलापूर गौरी अम्मा आणि मग पंदनल्लूर मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै हे त्यांचे गुरू. (मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै हे तंजावूरच्या ज्या चार भावांच्या घराण्यातले, त्या भावांनी या नृत्याच्या सादरीकरणाचा क्रम बांधला तो तंजावूरच्या मराठा दरबाराच्या आश्रयाने. मराठी वाचकाला ही बाब सहसा सांगितली जात नाही.) १९३५ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या अड्यारच्या मेळाव्यात त्यांनी जाहीर नृत्य केले, १९३६ मध्ये कलाक्षेत्र ही कलासंस्था स्थापन केली आणि पाठोपाठ त्याला हातमाग विभागाची जोड दिली. नर्तिकांना लागणाऱ्या साड्या तेथेच विणल्या जाऊ लागल्या, जुन्या नक्षी परत आल्या आणि कलाक्षेत्र साडी ही पुढे स्वतंत्र ओळख झाली. पोटाच्या प्रश्नाचे उत्तर पुन्हा हातांच्या कसबातूनच आले. तिरुवान्मियूरच्या विस्तीर्ण आवारात संस्था १९६२ मध्ये गेली, म्हणजे स्थापनेनंतर २६ वर्षांनी.

मोठ्या वयात नवे शिकणाऱ्याने रुक्मिणीदेवींकडून घ्यावे ते एवढे, की परंपरेबाहेर जाण्यासाठीही परंपरेतल्या उत्तम गुरूकडे बसावे लागते. चार कार्यशाळा आणि इंटरनेटवरचे व्हिडिओ यांनी गोडी लागते. हात तयार होत नाही. कुठल्याही कसबासाठी पहिली दोन-तीन वर्षे प्रदर्शन, कार्यक्रम, विक्री यांचा विचार बाजूला ठेवता आला, तर पुढची वीस वर्षे सोपी जातात. अर्थात ही चैन परवडण्यासाठीच आधी सांगितलेली शिल्लक हवी. रुक्मिणीदेवींपाशी थिऑसॉफिकल सोसायटीच्या अड्यारच्या आवाराचा आधार होता, हे विसरून त्यांचे अनुकरण करणे धोक्याचे.

त्यांच्या कथेला एक दुखरी बाजूही आहे. सदिर नृत्य ज्या स्त्रियांनी पिढ्यानपिढ्या सांभाळले त्यांचे काय झाले, हा प्रश्न आजही विचारला जातो आणि तो योग्यच आहे. देवदासी प्रथेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांची आई स्वतः त्याच समाजातली होती. मुत्तुलक्ष्मींच्या दृष्टीने ती प्रथा कलेपेक्षा मुलींच्या आयुष्याचा प्रश्न होती. मद्रास प्रांतात त्याविरुद्धचा कायदा १९४७ मध्ये झाला. एकाच शहरात, एकाच काळात दोन कर्तबगार स्त्रियांनी एकाच गोष्टीकडे दोन टोकांनी पाहिले. वेगळी वाट धरणाऱ्याने आपल्या वाटेखाली कुणाचे अंगण जाते आहे, हे पाहणे भाग असते. खेड्यात जमीन घेऊन राहायला जाणाऱ्या शहरी जोडप्यांना हा प्रश्न आज फार लवकर भेटतो.

मुत्तुलक्ष्मींचे खासगी आयुष्य कुटुंबाशी बोलणी कशी करावी यासाठी अभ्यासण्यासारखे आहे. १९१२ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या. लग्नाला त्या सहजी तयार नव्हत्या. १९१४ मध्ये डॉ. सुंदर रेड्डी यांच्याशी लग्न ठरले ते अट घालून : बरोबरीच्या नात्याने वागवावे आणि आपल्या इच्छेच्या आड येऊ नये. पुढे त्या कायदेमंडळात गेल्या, १९३१ मध्ये निराधार मुलींसाठी अव्वै होम आणि १९५४ मध्ये अड्यारची कॅन्सर इन्स्टिट्यूट त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली. अट लग्नाआधी घातली होती, यातच शहाणपण आहे. मराठी घरांत अशा बोलण्याला अजूनही ‘व्यवहारी’ म्हणून नाक मुरडले जाते आणि मग दहा वर्षांनी तेच बोलणे आदळआपट करीत होते. पैसा कोण आणणार आणि किती वर्षे, मुलांची शाळा कुठे, दोघांच्या आईवडिलांच्या आजारपणात कोण धावणार, बेत फसला तर कुणाचे ऐकायचे, एवढ्या बाबी शांतपणे बोलून, शक्य तर लिहून ठेवाव्यात. आईवडिलांना पटवण्याचा प्रयत्न एकाच बैठकीत करू नये. त्यांची भीती बहुधा म्हातारपणाच्या औषधपाण्याची आणि नातेवाइकांच्या बोलण्याची असते. पहिलीवर विम्याचे कागद दाखवता येतात, दुसरीवर इलाज नाही.

सोबतीचा प्रश्न यापेक्षा नाजूक आहे. समविचारी माणसांचा गट उभा करायचा असेल, तर मैत्रीच्या भरवशावर न राहता सुरुवातीलाच रीतसर नोंदणी करावी. संस्था नोंदणीसाठी किमान ७ सभासद लागतात. जमीन कुणाच्या नावावर, बाहेर पडणाऱ्याला काय मिळणार, वारसाला घर मिळणार की नाही, हे नियमावलीत स्पष्ट हवे. पहिल्या पिढीला ही कलमे रुक्ष वाटतात. दुसरी पिढी त्यांवरच भांडते किंवा त्यांच्यामुळेच भांडत नाही.

वडनेमेलीची इरुळ साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था हे अशा रीतसरपणाचे उत्तम उदाहरण. सापाच्या कातड्याच्या व्यापारावर जगणाऱ्या इरुळ आदिवासींचा धंदा १९७२च्या वन्यजीव कायद्याने आणि पुढच्या निर्यातबंदीने बंद पडला. रॉम्युलस व्हिटेकर या अमेरिकेत जन्मलेल्या, पण भारतात वाढलेल्या सर्पप्रेमी माणसाने आधी मद्रासचे सर्पोद्यान आणि १९७६ मध्ये मगर संवर्धन केंद्र उभारले होते. त्यांच्या सहकार्याने १९७८ मध्ये इरुळांची सहकारी संस्था नोंदली गेली. साप मारून कातडे विकण्याऐवजी साप पकडायचा, काही आठवड्यांत चार वेळा विष काढायचे आणि त्याला पुन्हा सोडून द्यायचे. हे विष देशभरातील प्रतिविष बनवणाऱ्यांकडे जाते. २०२३ मध्ये वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोन इरुळ सर्पतज्ज्ञांना पद्मश्री मिळाली. नवे आयुष्य उभारताना अंगातले जुने कसब टाकून द्यावे लागत नाही. त्याचे गिऱ्हाईक बदलावे लागते. पन्नाशीत बँक सोडणाऱ्याने एकदम मधमाश्या पाळण्याआधी आसपासच्या बचत गटांना आणि संस्थांना हिशेबाची किती गरज आहे, ते पाहावे.

आरोग्याची, विशेषतः मनाच्या आरोग्याची बाब अशा लेखांतून गाळली जाते. रामानुजन इंग्लंडात आजारी पडले, १९१९ मध्ये परतले आणि एप्रिल १९२० मध्ये मद्रासच्या चेटपेटमध्ये ३२व्या वर्षी गेले. युद्धकाळातील शाकाहारी माणसाची आबाळ, थंडी आणि एकटेपणा यांचा त्यात भाग होता. चोळमंडलात राहणारे के. रामानुजम हे विलक्षण प्रतिभेचे चित्रकार मानसिक आजाराने ग्रासलेले होते. १९७३ मध्ये त्यांनी आयुष्य संपवले. भोवती कलाकार मित्र असूनही हे घडले. प्रेमळ गट हा वैद्यकीय उपचारांचा पर्याय होऊ शकत नाही, हे स्पष्टपणे लिहिणे आवश्यक आहे. चेन्नईत आता सोयी आहेत : स्किझोफ्रेनियासाठी काम करणारी ‘स्कार्फ’ १९८४ पासून आणि आत्महत्या प्रतिबंधासाठी ‘स्नेहा’ १९८६ पासून कार्यरत आहे. झोप उडणे, काम न होणे, माणसे टाळणे ही लक्षणे दोन-तीन आठवडे टिकली, तर त्यांना सर्जनशीलतेची किंमत वगैरे न म्हणता डॉक्टरांकडे जावे. चाकोरी सोडलेल्या माणसाची गैरहजेरी कुठल्याही कचेरीत नोंदली जात नाही, म्हणून आठवड्यातून ठरलेल्या वेळी भेटणारा एक तरी माणूस हवाच.

सगळ्यांनी नोकरी सोडावी, असे या विवेचनाचे म्हणणे नाही. हंगामी वेगळेपण ही एक भक्कम आणि कमी चर्चिली जाणारी सोय आहे. चेन्नईच्या किनाऱ्यावर वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. विद्यार्थ्यांनी १९८८ मध्ये सुरू केलेले सागरी कासव संवर्धनाचे जाळे त्या हंगामात रात्री नीलांकरै ते बेझंट नगर हा किनारा पायी पालथा घालते, अंडी सुरक्षित जागी हलवते आणि सुमारे दीड-दोन महिन्यांनी बाहेर पडणारी पिल्ले समुद्रात सोडते. कॉलेजातली मुले, नोकरदार, निवृत्त माणसे यांत येतात आणि सकाळी आपापल्या कामावर जातात. ज्याला आपली ओढ खरी आहे की थकव्यातून आलेली आहे हे समजत नाही, त्याने असा एक हंगाम पुरा करावा. चौथ्या-पाचव्या रात्री कौतुक ओसरते. त्यानंतरही पाय वळत असतील, तर विचार पुढे न्यायला हरकत नाही.

उलट, पूर्ण झोकून देणाऱ्यांसाठी डॉ. व्ही. शांता यांचे उदाहरण आहे. सरकारी रुग्णालयातील नेमणूक हाताशी असताना त्यांनी अड्यारच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटची वाट धरली. तेव्हा तेथे १२ खाटा होत्या. सुरुवातीची तीन वर्षे बिनपगारी काम, मग महिना २०० रुपये आणि आवारातच राहण्याची जागा. २००५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा आणि पुढे २०२१ मध्ये निधनापर्यंतही त्यांचे घर त्या आवारातच होते. राहणी साधी ठेवल्याने त्यांना नकार देण्याची मुभा मिळाली, आणि अशी मुभा मोठ्या पगारातून क्वचितच विकत घेता येते.

ठरवलेल्या मुदतीनंतर आढावा घ्यावा आणि मुदत आधीच लिहून ठेवावी. तीन वर्षे हा बहुतेक कामांसाठी रास्त काळ आहे. आढाव्यात पैसा, तब्येत, कामाचा दर्जा आणि घरातल्या माणसांचे मत या चारही बाबी याव्यात. चौथी बाब त्यांच्याच तोंडून ऐकावी, त्यांच्या वतीने स्वतः उत्तर देऊ नये. वाट बदलणे किंवा परत फिरणे हे अपयश समजण्याचे कारण नाही. चोळमंडलातील व्ही. विश्वनाधन पॅरिसला स्थायिक झाले, वासुदेव पुढे बेंगळुरूला गेले. गाव चालू राहिले आणि त्यांची चित्रेही. परतीची वाट उघडी ठेवण्यासाठी फार काही लागत नाही : व्यवसायाची नोंदणी (डॉक्टर, वकील, सीए यांची) वेळच्या वेळी नूतनीकरण करून ठेवावी, जुन्या क्षेत्रातल्या दोन-तीन माणसांशी वर्षातून एकदा तरी बोलावे आणि मधल्या काळात केलेल्या कामाची तारीखवार नोंद ठेवावी. पुन्हा नोकरी मागायची वेळ आली, तर मुलाखतीत ‘ही तीन वर्षे काय केले’ असे विचारतात, आणि त्या वेळी वही समोर असलेली चांगली.